शटडाऊन मिळेपर्यंत

आमच्या हॉटेलची सगळी वीज जिथून वाटली जाते त्या मुख्य पॅनेलच्या वार्षिक देखभालीसाठी मला तीन तासांचा शटडाऊन, म्हणजे मुख्य वीज पूर्ण बंद, हवा होता आणि तो मिळायला साडेचार महिने लागले. डिसेंबरात मागितला तेव्हा लग्नसराई जोरात होती. जानेवारी-फेब्रुवारीत वाशीतल्या प्रदर्शन केंद्रात एकामागून एक प्रदर्शने लागली आणि आमच्या सगळ्या खोल्या भरल्या. मार्च हा कंपन्यांच्या बैठकांचा महिना असतो. एप्रिलमध्ये अखेर फ्रंट ऑफिसच्या प्रमुखांनी एका मंगळवारची रात्र देऊ केली, पण देतानाही "एका तासात नाही का आटोपणार?" हे विचारायला त्या विसरल्या नाहीत. त्यांचेही चुकीचे नव्हते. कार्यालयाची इमारत रविवारी बंद असते, शाळेला मे महिन्याची सुट्टी असते, कारखान्यालाही पाळी संपल्यावर उसंत मिळते. हॉटेलला मात्र रात्रच नसते. पाहुणा पहाटे तीनला विमानतळावरून येतो आणि त्याला तेव्हा गरम पाणी, थंड खोली आणि चालू लिफ्ट हवी असते. हॉटेलची वीजयंत्रणा सांभाळण्याची खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण जी यंत्रणा कधी बंदच करता येत नाही, तिच्या आत काय चालले आहे हे पाहणेही फारसे जमत नाही.

गेली वीसेक वर्षे मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या हॉटेलांच्या देखभाल विभागात काम करतो. सध्याचे हॉटेल वाशीत आहे, मध्यम आकाराचे, सात मजली. आमच्यासारख्या ग्राहकाला महावितरणकडून उच्चदाबाने, म्हणजे हजारो व्होल्टच्या दाबाने, वीज मिळते. मीटरिंगच्या क्युबिकलमधून ती आमच्या व्हीसीबीवर, म्हणजे उच्चदाबाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या ब्रेकरवर, येते, तेथून ट्रान्सफॉर्मरवर आणि मग ४३३ व्होल्टच्या दाबाने मुख्य पॅनेलवर उतरते. हा ४३३ चा आकडा नव्या मुलांना बुचकळ्यात टाकतो, कारण पुस्तकात त्यांनी ४१५ वाचलेले असते. ४३३ हा ट्रान्सफॉर्मरवर भार नसतानाचा दाब असतो. भार आला की ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि केबलमध्ये थोडा दाब खर्च होतो आणि सातव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तो अपेक्षित पातळीवर येतो. मुख्य पॅनेलपासून पुढे चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारे यंत्र), पंप, स्वयंपाकघर, लाँड्री, बँक्वेट आणि लिफ्ट यांचे स्वतंत्र फिडर, म्हणजे ब्रेकरसह विजेच्या शाखा, निघतात, तर खोल्यांसाठी एक रायझिंग मेन, म्हणजे बंदिस्त पेटीतील उभे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या), डक्टमधून वर चढतात. प्रत्येक मजल्यावर त्यातून एक टॅप-ऑफ, म्हणजे फाटा, निघून मजल्याच्या डीबीला, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीला, जातो आणि तेथून प्रत्येक खोलीच्या छोट्या डीबीला. ही छोटी डीबी बहुतेक ठिकाणी कपाटाच्या आत, कपड्यांच्या मागे दडवलेली असते. इंटीरिअर करणाऱ्याला ती कुरूप वाटते आणि मध्यरात्री एमसीबी शोधणाऱ्या आमच्या माणसाला पाहुण्याचे कोट बाजूला करावे लागतात.

खोलीतल्या विजेबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दाराजवळच्या खाचेत किल्लीचे कार्ड घातल्यावरच खोलीतली वीज सुरू व्हावी, म्हणजे पाहुणा बाहेर गेला की एसी आणि दिवे आपोआप बंद होतील, अशी ती योजना असते. प्रत्यक्षात निम्मे पाहुणे त्यात स्वतःचे व्हिजिटिंग कार्ड किंवा दुसरे कुठले तरी कार्ड खोचून ठेवतात आणि दिवसभर रिकाम्या खोलीत एसी चालू राहतो. यावर हरप्रकारचे उपाय झाले आहेत, पण मला सर्वांत उपयोगी वाटला तो उपाय वीज विभागाचा नव्हता. खोली साफ करायला जाणाऱ्या हाउसकीपिंगच्या ताईंनी बाहेर पडताना एसीचा थर्मोस्टॅट पंचविसावर आणून ठेवायचा, एवढाच तो होता. इमारतीच्या एकूण विजेपैकी सर्वांत मोठा वाटा वातानुकूलनाचा असतो, त्यामुळे बचतीची सुरुवात तेथूनच करावी लागते. दिवे बदलून होणारी बचत बहुतेकांनी केव्हाच करून घेतलेली आहे.

आता ज्या बिघाडाने मला खऱ्या अर्थाने घाबरवले, त्याबद्दल. तेव्हा मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका हॉटेलात होतो. संध्याकाळी सातच्या सुमारास पाचव्या मजल्यावरून एकापाठोपाठ फोन येऊ लागले. एका खोलीत टीव्ही बंद पडला होता, दुसरीत फ्रिजमधून वास येत होता, तिसरीत दिवे अंगावर येतील इतके प्रखर झाले होते, तर त्याच मजल्यावरच्या चौथ्या खोलीत दिवे पिवळे पडून मिणमिणत होते. एकाच मजल्यावर काही दिवे प्रखर आणि काही मंद असतील, तर अनुभवी वायरमन पुढचा प्रश्न विचारत नाही, तो धावत जाऊन मजल्याचा ब्रेकर पाडतो. न्यूट्रल सुटलेला असतो.

यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. खोल्या तीन फेजवर वाटून दिलेल्या असतात आणि प्रत्येक खोलीला एक फेज व एक न्यूट्रल यांच्या दरम्यान सुमारे २४० व्होल्ट मिळतात. न्यूट्रल तुटला की परतीचा रस्ताच उरत नाही, आणि दोन वेगवेगळ्या फेजवरच्या खोल्या एकमेकींशी जणू सिरीजमध्ये जोडल्या जाऊन त्यांच्यात ४१५ व्होल्ट वाटले जातात. हे वाटप समान नसते. एका खोलीत दीड हजार वॉटची किटली चालू असेल आणि दुसरीत फक्त टीव्ही, तर किटलीचा रोध कमी असल्याने तिच्या वाट्याला अगदी थोडा दाब येतो आणि उरलेला जवळजवळ सगळा टीव्हीवर पडतो. म्हणजे एका पाहुण्याने चहा ठेवला म्हणून शेजारच्या पाहुण्याचा टीव्ही जळतो. एमसीबी या प्रकारात काहीही करत नाही, कारण तो जास्त प्रवाह ओळखतो, जास्त दाब ओळखत नाही.

त्या रात्री टॅप-ऑफची पेटी उघडली तेव्हा न्यूट्रलचा लग, म्हणजे केबलच्या टोकावरचा धातूचा जोड, काळा पडलेला होता आणि त्याच्या खालचा वॉशर निळसर झाला होता. ॲल्युमिनिअमची केबल तांब्याच्या पट्टीवर साध्या लगने जोडलेली होती. या दोन धातूंच्या सांध्याला दोन्हीकडून जमेल असा बायमेटॅलिक लग लागतो. तो नसेल आणि हवेत ओल असेल, तर सांधा आतून कुरतडला जातो. शिवाय दिवसा भार आला की सांधा तापून प्रसरण पावतो, रात्री थंड होऊन आक्रसतो, आणि हे रोज घडत राहिले की बोल्ट हळूहळू सैल होतो. सैल सांध्याचा रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते आणि उष्णतेने सांधा आणखी बिघडतो. प्रवाह दुप्पट झाला तर त्या सांध्यातली उष्णता चौपट होते, म्हणून हिवाळाभर गप्प बसलेला सांधा मे महिन्यात बोलू लागतो. आम्ही त्या रात्री सहा टीव्ही आणि चार फ्रिज गमावले. आग लागली नाही, याला नशीब म्हणायचे.

असे सांधे वेळीच ओळखण्यासाठी थर्मोग्राफीचा कॅमेरा वापरतात. पॅनेलचे दार उघडून कॅमेरा धरला की तापलेला लग पडद्यावर पांढराशुभ्र दिसतो आणि शेजारचे दोन लग जांभळट. मात्र ही तपासणी पूर्ण भार असतानाच करायची असते, कारण भार नसेल तर सांधा तापत नाही आणि दोष लपून राहतो. म्हणजे दोष शोधायला हॉटेल भरलेले हवे, आणि तो दुरुस्त करायला हॉटेल अंधारात हवे! मी थर्मोग्राफी मे महिन्यात रात्री आठच्या सुमारास करून घेतो, जेव्हा चिलर, स्वयंपाकघर आणि बँक्वेट तिन्ही जोरात असतात.

पर्यायी वीजपुरवठ्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की जनरेटर आहे म्हणजे सगळे आहे. हॉटेलात विजेच्या तीन पायऱ्या मानाव्या लागतात. पहिली नेहमीची, जी गेली तरी काही मिनिटे कोणाचे फारसे बिघडत नाही, उदाहरणार्थ लाँड्री. दुसरी आणीबाणीची, जी डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू होऊन काही सेकंदांत परत यायला हवी, यात लिफ्ट, मार्गिकांचे दिवे, शीतगृहे आणि पाण्याचे पंप येतात. तिसरी एक क्षणही जाऊ नये अशी, म्हणजे फ्रंट ऑफिसचे सर्व्हर, आग ओळखणारी यंत्रणा आणि बाहेर पडण्याच्या वाटा दाखवणारे दिवे, ज्यांच्यासाठी यूपीएस किंवा दिव्यातच बसवलेली बॅटरी असते. कोणती गोष्ट कोणत्या पायरीवर ठेवायची, हा निर्णय हॉटेल बांधताना एकदा होतो आणि नंतर प्रत्येक विभागप्रमुख आपापले उपकरण दुसऱ्या पायरीवर आणण्यासाठी आग्रह धरतो. अग्निशमन पंपाचे प्रकरण याहून वेगळे आहे. त्याची केबल मुख्य ब्रेकरच्या आधीच वेगळी काढतात, कारण आग लागल्यावर इमारतीची वीज तोडली तरी पंप चालूच राहिला पाहिजे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. पण पंपाची केबल नेमकी कुठून निघते, हे प्रमाणपत्राच्या कागदावर विसंबून न राहता प्रत्येक देखभाल प्रमुखाने एकदा स्वतः चालत जाऊन पाहिले पाहिजे असे माझे मत आहे.

डीजीवर किती विसंबावे, हे मला १२ ऑक्टोबर २०२० रोजी समजले. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास कळवा, पडघा, खारघर परिसरातल्या ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, वाहिन्यांवर बिघाड होऊन मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती आणि लोकल गाड्याही जागच्या जागी थांबल्या होत्या. हॉटेलात तेव्हा टाळेबंदीमुळे जेमतेम वीस खोल्या भरलेल्या होत्या. लॉगबुकप्रमाणे आमचा डीजी दर शनिवारी दहा मिनिटे चालवला जात होता आणि समोर "ओके" असा शेरा होता. वीज गेल्यावर पॅनेलने इंजिनला आज्ञा दिली, इंजिन तीनदा घरघरले आणि गप्प झाले. बॅटरीचा दाब मीटरवर व्यवस्थित दिसत होता, पण स्टार्टर फिरवायला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह द्यायची वेळ आली की तो कोसळत होता. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये हाउसकीपिंगचा एक मुलगा अडकला होता, त्याला आधी हाताने लिफ्ट खाली घेऊन बाहेर काढले. मग लाँड्रीच्या टेम्पोची आणि एका सहकाऱ्याच्या गाडीची, अशा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केले आणि इंजिन उठवले. पस्तीस मिनिटे गेली. शनिवारी ते का सुरू होत असे, याचा उलगडा नंतर झाला. चाचणी घेणारा मुलगा आधी रात्रभर चार्जर लावून ठेवत असे.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. बॅटरीची चाचणी चार्जर काढून घ्यायची, आणि डीजीची चाचणी महिन्यातून एकदा तरी खऱ्या भारावर घ्यायची. बिनभाराने वारंवार चालवलेले डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन नीट जळत नाही आणि काजळीमिश्रित तेलकट थर धुराड्यात साठत जातो. भारावर चाचणी म्हणजे अर्थातच मुख्य वीज मुद्दाम तोडणे, आणि त्यासाठी पुन्हा फ्रंट ऑफिसची मनधरणी आलीच.

वीजबिलाचा विषय हॉटेलमालकांना फार प्रिय असतो, पण त्यात समजून घेण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत. एक म्हणजे महिन्यातली सर्वाधिक मागणी. मीटर क्षणिक उसळी मोजत नाही, काही मिनिटांची सरासरी धरतो, पण महिनाभरात एकदाच ती सरासरी वर गेली तरी आकार त्या आकड्यावर लागतो. लग्नाच्या संध्याकाळी बँक्वेटचा एसी, स्वयंपाकघरातले सगळे ओव्हन आणि त्याच वेळी लाँड्रीची मशीने चालली की हा आकडा चढतो. त्या दिवशी लाँड्री रात्री अकरानंतर चालवली, तर एका फोनवर पैसे वाचतात. दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी आली या प्रमाणाची. एप्रिल २०२० पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच युनिटवर, म्हणजे कामी आलेल्या नव्हे तर घेतलेल्या एकूण विजेवर, आकारणी होते, त्यामुळे पॉवर फॅक्टर घसरला की युनिटेच जास्त पडतात, वेगळा दंड शोधत बसावे लागत नाही. त्यासाठी कपॅसिटर पॅनेल असते. मात्र चिलरपासून पंपांपर्यंत आता सर्वत्र व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी उपकरणे) आणि एलईडी आले आहेत, त्यांच्यामुळे हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीतली विकृती, वाढतात, आणि पुढे ती रोखणारा रिॲक्टर न बसवता नुसते कपॅसिटर वाढवत गेलात तर ते फुगून फुटतात. मी एक फुटलेला कपॅसिटर टेबलावर ठेवला आहे.

लग्नावरून आठवले. डेकोरेटरच्या मुलांना मोकळे सोडले तर ती सॉकेटमध्ये उघड्या तारा घालून वर आगकाड्या खोचतात. त्यांच्यासाठी आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ब्रेकर, लावलेली स्वतंत्र फिरती डीबी द्यावी आणि बाकीचे सॉकेट बंद ठेवावेत. न्हाणीघराच्या गीझरवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतोच, पण त्याचे चाचणीचे बटण कोणी दाबत नाही. वर्षानुवर्षे न हललेला आरसीसीबी गरजेच्या वेळी अडकून बसू शकतो. खोली रिकामी झाली की साफसफाईच्या आधी हे बटण दाबून पाहायचे, अशी सवय आम्ही लावून घेतली आहे.

वाशीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे खाडी. इथली जमीन ओलसर आणि खारट आहे, त्यामुळे अर्थिंगचा रोध मोजला की आकडा झकास येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण तोच खारटपणा जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी जमिनीखाली खात असतो. आमच्याकडे एका अर्थपिटजवळ, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्याजवळ, खोदून पाहिले, तेव्हा पट्टी वर जाड होती आणि वीतभर खाली हाताने मोडावी इतकी पातळ झालेली होती. पिटचा रोध चांगला, आणि पिटपासून पॅनेलपर्यंतचा रस्ता मात्र तुटायच्या बेतात! म्हणून आम्ही आता पिट मोजण्याबरोबर पॅनेलच्या सांगाड्यापासून पिटपर्यंतचे सातत्यही मोजतो.

तर त्या मंगळवारची रात्र. पाहुण्यांच्या खोल्यांत आधीच पत्रे ठेवली होती. दीडला लिफ्ट तळमजल्यावर आणून उभ्या केल्या, डीजी सुरू करून आणीबाणीचा पॅनेल त्यावर घेतला, मग मुख्य पॅनेलचे फिडर एकेक करून उतरवले आणि शेवटी व्हीसीबी पाडून महावितरणची वीज तोडली. व्हीसीबीला कुलूप घालून किल्ली मी खिशात ठेवली आणि "माणसे काम करत आहेत" ही पाटी अडकवली. मुख्य पॅनेलमध्ये पहिल्यांदाच तो गुणगुणणारा आवाज थांबला होता. आमचे जुने वायरमन, ज्यांना सगळे काका म्हणतात, मागच्या बाजूची झाकणे काढून प्रत्येक फिडरवर टेस्टर लावत पुढे सरकत होते. मी टॉर्क पान्याने बसबारचे बोल्ट तपासायला वाकलो होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "साहेब, थांबा. हात लावू नका. यात करंट आहे."

ज्या फिडरपाशी ते उभे होते त्याच्यावर "स्पेअर" असे लिहिलेले होते. ब्रेकर बंद होता. वरचे बसबार मृत होते, खालच्या टर्मिनलवर मात्र मीटरने ४१० व्होल्ट दाखवले. व्हीसीबीची किल्ली माझ्या खिशात असताना ही वीज येणार कुठून, तर फक्त डीजीकडून. तासभर केबल हाताने चाचपत माग काढला, तेव्हा कोडे सुटले. पूर्वी कधीतरी स्वयंपाकघराचे शीतगृह या फिडरवर होते. पुढे ते आणीबाणीच्या पॅनेलवर घ्यायचे ठरले. शीतगृहापर्यंत नवी केबल टाकण्याचा खर्च वाचवण्यासाठी कोणीतरी आणीबाणीच्या पॅनेलवरून एक छोटी केबल आणून याच टर्मिनलवर जोडली, जुन्या ब्रेकरला बंद केले आणि त्यावर "स्पेअर" असे लिहून टाकले. ड्रॉइंगमध्ये यातले काहीही नव्हते. म्हणजे डीजी चालू असताना मुख्य वीज परत आली असती आणि कोणा नव्या मुलाने "स्पेअर" म्हणून तो ब्रेकर चालू केला असता, तर डीजी आणि महावितरणचा पुरवठा जुळवणी न करता एकमेकांवर आदळले असते. चेंजओव्हरच्या सगळ्या इंटरलॉकना, म्हणजे दोन पुरवठे एकत्र येऊ न देणाऱ्या अडसरांना, वळसा घालणारी ही वाट कित्येक वर्षे तिथे उघडी पडलेली होती, आणि मी रोज तिच्या समोरून जात होतो.

शीतगृहाच्या शेफना झोपेतून उठवून विचारले, तर ते म्हणाले की दार उघडले नाही तर दोन तास माल टिकेल. आणीबाणीच्या पॅनेलवरचा तो फिडर बंद करून कुलूप लावले, काकांनी जुन्या ब्रेकरच्या वरच्या बाजूचे जोड काढून त्याला बसबारपासून कायमचे तोडले, आणि खालच्या टर्मिनलवर बंद झाकण बसवले. बाकीच्या कामापैकी निम्मेच होऊ शकले. चिलरच्या फिडरचा एक काळवंडलेला लग बदलला, बोल्ट घट्ट केले, मेगरने इन्सुलेशनची मोजणी घेतली. चारला माणसे मोजून बाहेर काढली, हत्यारे मोजली आणि चार वाजून दहा मिनिटांनी व्हीसीबी पुन्हा चालू केला. ट्रान्सफॉर्मरचा ओळखीचा घुमणारा आवाज आला, बेकरीतल्या मुलांनी ओव्हन लावले.

सकाळी नऊला सिंगल लाइन डायग्रामची, म्हणजे वीजजोडणीच्या नकाशाची, भिंतीवरची प्रत काढून टेबलावर पसरली आणि लाल पेनाने ती केबल तिच्यावर काढली. राहिलेल्या निम्म्या कामासाठी दुसऱ्या शटडाऊनचे पत्र त्याच दिवशी फ्रंट ऑफिसला पाठवले आहे. उत्तर आले आहे की गणपतीनंतर बघू.